आतली बाहुली

महाडात एक आजी आणि तिची नात राहत होत्या. नातीची आई एमआयडीसीत कामाला होती. सकाळी डबा घेऊन निघायची ती दिवेलागणीला परतायची. दिवसभर घरात दोघीच, आणि फळीवर एक बाहुली.

बाहुली चिंध्यांची होती. दीड वीत उंच, पोट हे एवढं, हात आखूड, मान जवळजवळ नाहीच. बोटं नव्हती, नाक नव्हतं. डोळ्यांच्या जागी दोन काळी बटणं होती, ती नातीच्या आईने लहानपणी लावलेली. तोंडाच्या जागी लाल दोऱ्याचा एक आडवा टाका. पूर्वी घरोघरी अशा बाहुल्या असत. कापडाच्या चौकोनात सावरीचा कापूस ठेवायचा, खालून दोऱ्याने आवळायचं, झालं डोकं. कापडाची सुरळी करून आडवी बांधायची, झाले हात. बाकीचं सगळं खेळणारी पोर मनाने भरून काढायची.

नात दहा वर्षांची होती. तिला बाहुली आवडायची, सुई आवडत नव्हती. एकदा तिने रुमालाला हेम घालायला घेतली होती. शेजारच्या एका मोठ्या मुलीने ती पाहिली आणि म्हणाली, “ह्याच्यावर कोंबडी नाचून गेली काय गं?” सगळ्या हसल्या. नातीने हेम उसवली, पुन्हा घातली, पुन्हा उसवली. तिसऱ्या वेळी कापडच विरलं. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता, म्हणून सुईत दोरा ओवून द्यायचं काम नातीकडे होतं. तेवढं ती करायची. टाका घालायला सांगितला की पळायची. “मला सरळ येत नाही,” एवढंच म्हणायची. हसणारी मुलगी ते त्याच संध्याकाळी विसरून गेली होती. नातीचे हात विसरले नव्हते.

मग २०२१ चा जुलै आला.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि डोंगर उतरून पोलादपूरवरून महाडाकडे येते. महाडाजवळ तिला गांधारी आणि काळ मिळतात. वर घाटमाथ्यावर पडलेलं पाणी खाली ह्याच गावात येतं, आणि तेव्हाच खाडीला भरती असली तर त्याला पुढे जायला वाट राहत नाही. त्या २२ जुलैला महाबळेश्वरात चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही दरडींनी माणसं घेतली. ह्या गोष्टीतल्या तिघी मात्र वाचल्या. वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी त्यांना हात धरून वर ओढलं, आणि त्या तिथे अंधारात, खाली आपल्या घरात भांडी एकमेकांवर आपटत असल्याचा आवाज ऐकत बसून राहिल्या. आजीने २००५ चा पूरही पाहिला होता. ती म्हणाली, “तेव्हा भिंतीवर रेघ उठली होती. ह्या वेळी रेघसुद्धा पाण्याखाली गेली.”

पाणी उतरलं तेव्हा घरात घोटाभर गाळ होता. सगळ्या आळीने गाद्या, पुस्तकं, धान्याचे डबे, टीव्ही असं सगळं रस्त्यावर आणून टाकलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना ढीग लागले. खाटेखाली बाहुली सापडली. ती फुगली होती, काळी पडली होती, आणि तिला नदीच्या तळाचा वास येत होता. नातीने ती दोन बोटांनी उचलली आणि ढिगावर नेऊन टाकली. आपल्या पुस्तकांचं झालं तेच हिचं झालं, असं तिला वाटलं असणार.

आजी भिंतीला धरून उठली. हळूहळू रस्त्यापर्यंत गेली, ढिगातून बाहुली काढली आणि पदरात धरून परत आली.

“आजी, ती कुजणार आता.”

“आत ओल राहिली तर कुजेल. उसवायची, धुवायची, वाळवायची. ब्लेड आण.”

आषाढातलं ऊन मधूनच पडत होतं. पायरीवर दोघी बसल्या. आजीचे हात थरथरायचे, तेव्हा ब्लेड नातीच्या हातात आलं. उसवायला तिची हरकत नव्हती. उसवणं तिला चांगलंच येत होतं. आजी बोटांनी चाचपून टाका दाखवायची आणि नात तो कापायची.

वरचं निळं कापड सुटलं. नातीला वाटलं होतं आत कापूस असेल. आत कापूस नव्हता, आणखी एक बाहुली होती. पांढरी, थोडी लहान.

“हे काय?”

“हे असंच असतं,” आजी म्हणाली. “वाकळ जुनी झाली की टाकून देतात काय? नवीन वाकळीच्या पोटात घालतात. तसंच हे.”

मग तिने निळं कापड मांडीवर पसरलं. सदऱ्याचा खिसा अजून ओळखू येत होता. तो नातीच्या आजोबांचा सदरा होता, मुंबईला मिलमध्ये घालायचा. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. आज मिटेल, उद्या मिटेल म्हणत लोक थांबले. सदरा धुऊन, घडी करून ठेवलेला होता. वर्ष गेलं. मुलगी लहान, बाहुलीचं कापड फाटलेलं, घरात नवीन चिंधीसुद्धा नाही. “एक दिवस मीच तो सदरा काढला आणि कात्री लावली,” आजी म्हणाली. “तुझे आजोबा समोर बसलेले. बघत होते. काही बोलले नाहीत. मग आम्ही महाडाला आलो.”

नातीने सदऱ्याचा खिसा उघडून पाहिला. आत गाळ होता. तिने तो बोटाने काढला.

पांढरं कापड मांजरपाट होतं. ते आजीच्या आईचं. तिचा नवरा मिलमध्ये रिंग खात्यात होता. मिलमधून कधी फेंट, म्हणजे कापडाचे उरलेले तुकडे, मिळायचे, त्यातला हा एक. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि दिली, आणि त्यानंतर मुंबईत, कोकणात, जिथे तिथे लोक पांढरी वस्त्रं नेसून दीक्षा घेऊ लागले. “आईने स्वतःसाठी पांढरं पातळ आणलं. मग म्हणाली, घरातली एकटी हीच का राहील?” आजीने पांढऱ्या बाहुलीकडे बघून मान हलवली. “मी तेव्हा वर्षाची होते. मला बाहुलीच तेवढी कळायची.”

पांढऱ्याच्या आत गडद कापड होतं. एके काळी तांबडं असावं, आता करड्या मातीच्या रंगाचं. जुन्या लुगड्याचं. इथले टाके बारीक होते, अगदी शेजारी शेजारी बसलेले, आणि कापड खाली बाहुलीच्या पायांपर्यंत सोडलेलं. नात एक टाका कापून थांबली. आजीचा चेहरा बदलला होता.

“ह्याच्या आत मी कधी गेले नाही,” आजी म्हणाली. “आईही गेली नव्हती. हे माझ्या आजीचं.”

ही आजीची आजी पोलादपूरकडच्या एका वाडीतली. १९२७ साली ती बारा वर्षांची होती. त्या वर्षी २० मार्चला महाडात बाबासाहेब आणि त्यांच्याबरोबरचे लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे आज शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. डिसेंबरात तिथेच पुन्हा परिषद भरली, त्या वेळी बाबासाहेब बायकांशीही बोलले, हे त्या मानाने कमी सांगितलं जातं. मला ते नेहमी सांगावंसं वाटतं. तोवर अस्पृश्य म्हटलेल्या जातींतल्या बायका लुगडं वर, गुडघ्याजवळ नेसत. गळ्यात-हातांत पितळेचे, कथलाचे जड दागिने असत. लांबून बाई दिसली की नेसण्यावरूनच तिची जात कळे. ही खूण अंगावर बाळगू नका, इतर बायका नेसतात तसं नेसा, असं बाबासाहेबांनी सांगितलं. मुलींना शिकवा, असंही सांगितलं. आणि बायकांनी ते लगेच मनावर घेतलं. महाडातच लुगडी खाली सोडून नेसल्या.

“माझी आजी आईबरोबर चालत आली होती परिषदेला,” आजी म्हणाली. “घरी गेली तर आईचं एक लुगडं फाटायला झालेलं. त्यातला तुकडा मागून घेतला. आधी बाहुलीला नेसवलं, मग स्वतः नेसली. असं आई सांगायची. पार खालपर्यंत.”

नातीने उरलेले टाके कापले. लुगडं सुटलं.

आत चार बोटांएवढी एक गाठोडी होती. तिला बाहुली म्हणायचं तर म्हणता आलं असतं. कापड जाडंभरडं, रंग कसलाच नाही. गळा घोंगडीच्या काळ्या लोकरीने आवळलेला. डोळे म्हणजे दोन टाके, एक कपाळावर, दुसरा जवळजवळ गालावर. कमरेला चिंधी गुंडाळलेली, आणि ती गुडघ्यापाशीच संपलेली.

आणि शिवण! एक टाका नखाएवढा, पुढचा बोटभर लांब. मध्येच दोरा बाहेरून वळसा घालून गेलेला. एके ठिकाणी गाठ बसली नाही म्हणून तीवर गाठ, तीवर पुन्हा गाठ. पाठीला शिवण तिरकी निघून खांद्याशी पोचलेली.

नात कितीतरी वेळ ती पालथी-उताणी करून बघत होती.

“आजी, ही कुणी शिवली?”

“माझ्या आजीनेच. सहा-सात वर्षांची होती म्हणे.”

“तिला येत नव्हतं?”

“दिसतंय की.”

“मग तिने उसवून पुन्हा का नाही शिवली? नंतर तर तिला एवढं बारीक येत होतं.” नातीने लुगड्याचे टाके पुढे केले.

आजीने तिच्या हातातली गाठोडी घेतली. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून अंगठा फिरवून तिने एकेक टाका पाहिला. मग म्हणाली, “बाय, हिने सरळ शिवता येईपर्यंत वाट बघितली असती, तर लुगडं कुणाला नेसवलं असतं? माझ्या आईने काय झाकलं असतं? मी सदरा कापला तो कुणासाठी कापला असता? आम्ही सगळ्यांनी हिच्यावरच शिवलं. आत ही वाकडी होती म्हणून शिवायला काहीतरी होतं.”

नात काही बोलली नाही. तिने गाठोडी परत मागून घेतली.

आतलीला उसवायचं नाही असं आजीने ठरवलं. तिला तशीच साबणाच्या पाण्यात चार वेळा दाबून काढली आणि पत्र्यावर ठेवली. लुगडं, मांजरपाट आणि सदरा दोरीवर घातले. पाऊस आला की आत, ऊन पडलं की बाहेर, असे आठ दिवस गेले. गाळ उपसणारी माणसं येता जाता थांबून विचारायची, “आजी, हे काय वाळत घातलंय?” आजी सांगायची, “माणसं.”

त्या दिवसांत महाडात लांबलांबून मदतीचे ट्रक आले. तांदूळ आला, चटया आल्या, औषधं आली. लोकांनी कपडे पाठवले, त्यांत नवेही होते. नातीला एका गाठोड्यात जरीच्या साडीचा तुकडा मिळाला, मोरपंखी, चमचमता. ती पळत आली. “आजी, वरचं हे घालूया!”

आजीने कापड हातात घेतलं. “सुंदर आहे. तुझ्या आईला ह्याची पिशवी शिवू. बाहुलीला नको.”

“का?”

“हिच्या अंगावर जे जे चढलं ते आधी आपल्या कुणाच्यातरी अंगावर होतं.”

नात विचार करत बसली. मग आत जाऊन तिने शाळेचा फ्रॉक आणला, आकाशी रंगाचा. पुरात तो भिजला होता, आणि कितीही धुतला तरी छातीपासून खाली गाळाचा एक तपकिरी पट्टा राहिला होता. शाळा बंदच होती. उघडेल तेव्हा तो घालता येणार नव्हता.

“हा चालेल?”

“हा चालेल.”

दोरा शेजारून आला. शेजारच्या त्याच मोठ्या मुलीच्या घरचं शिलाई मशीन गाळात गेलं होतं, पण माळ्यावर ठेवलेला रिळांचा डबा वाचला होता. तिने स्वतः आणून दोन रिळं दिली.

आता आजीला टाका दिसत नव्हता, म्हणजे शिवायचं नातीनेच. तिने रिळाचा दोरा तोडला, टोक तोंडात धरलं, ओलं करून चपटं केलं, आणि एकदम थांबली. आजी तिच्याकडे बघत होती.

“काय झालं?”

“काही नाही. घाल तोंडात,” आजी म्हणाली. “माझा बाप तीस वर्षं मिलमध्ये होता. साचा खात्यात पगार चांगला. तिथे त्याला कधी घेतलं नाही. धोट्यातली कांडी संपली की नवीन कांडीचा दोरा धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. आमच्या तोंडाचा दोरा बाकीच्यांना चालत नव्हता. सूत कातायचं आमच्या लोकांनी रिंग खात्यात, कापड विणायचं दुसऱ्यांनी.” हे आजीच्या बापापुरतं नव्हतं. मुंबईच्या कापड गिरण्यांत हा रिवाजच होता, आणि १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी तो प्रश्न उघडपणे मांडला होता. आजीला सालं माहीत नव्हती. तिला बाप माहीत होता. “तू घाल. चांगला ओला कर, म्हणजे पटकन ओवला जाईल.”

नातीने दोरा ओवला.

आतलीवर लुगडं चढवलं. इथे तिला एक नवल कळलं. जुन्या कापडात जुन्या टाक्यांची भोकं तशीच राहिली होती. सुईचं टोक कापडावर ठेवलं की ते आपोआप भोकात उतरायचं. बारा वर्षांच्या मुलीने जिथे सुई घातली होती तिथेच सुई जात होती आणि जिथून काढली होती तिथूनच वर येत होती. लुगडं झालं. मांजरपाट झालं, तिथली भोकं जरा लांब लांब होती, कारण आजीच्या आईला तान्ह्या मुलीमुळे वेळ नसायचा. सदरा झाला. तीन दिवसांत नातीचा हात बसला. ती गुणगुणायलाही लागली.

मग आकाशी फ्रॉक आला, आणि त्यात भोकं नव्हती.

पहिला टाका ठीक पडला. दुसरा मोठा झाला. तिसरा वर गेला. बगलेशी कापड गोळा झालं आणि दोरा गुंतला. नातीने शिवण डोळ्यांजवळ धरली. कोंबडीच नाचून गेली होती. तिचे कान तापले. तिने ब्लेड उचललं.

आजीने पाहिलं. ती काही बोलली नाही. सुपारी कातरत होती ती कातरतच राहिली.

नातीने ब्लेडचं टोक टाक्याखाली घातलं. निळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या कापडांच्या आत ती चार बोटांची गाठोडी आता कुठे असेल, ते तिने अंगठ्याने दाबून पाहिलं. पोटाच्या मध्यावर काहीतरी टणक लागलं. ती तीवर गाठ, तीवर गाठ होती.

तिने ब्लेड खाली ठेवलं आणि गुंतलेला दोरा दातांनी तोडला. नवीन दोरा ओवला, पहिल्याच्या शेजारी गाठ मारली आणि तिथून पुढे शिवत गेली. शिवण बगलेपासून तिरकी निघाली, कमरेशी सरळ झाली, पुन्हा जरा वाकली. आजीने चाचपून पाहिली. “घट्ट आहे,” म्हणाली.

संध्याकाळी आई कामावरून आली. तिने आपली जुनी दोन काळी बटणं धुऊन पुसून दिली. नातीने ती लावली, एक जरासं वर, एक जरासं खाली. मुद्दाम की चुकून, ते तिने कुणाला सांगितलं नाही. लाल दोऱ्याचा आडवा टाका घातला. राहिलं फक्त खालचं. फ्रॉकचं कापड बाहुलीच्या पायांखाली लोंबत होतं, गाळाचा तपकिरी पट्टा त्याच्या अगदी काठाला आला होता. पट्टा कापून टाकला तर कापड आखूड होणार होतं, गुडघ्याशी येणार होतं. ठेवला तर दिसणार होता.

नातीने कात्री हातात घेतली आणि विचारलं, “आजी, कुठपर्यंत ठेवू?”

आजीने चाचपून बाहुलीचे पाय शोधले, कापड त्यांच्यावरून खाली ओढलं आणि बोटाने खूण केली.

“घोट्यापर्यंत, बाय. पार घोट्यापर्यंत.”